अंगावरून जाणं

माझी पाळी जायला आली होती, पण ती जाता जात नव्हती. एक्कावन्नावं सरत होतं. बरोबरीच्या शिक्षिकांपैकी काहींची पाळी गुपचूप गेली होती, एक-दोघींना गरम वाफा येत होत्या आणि त्या शिक्षकखोलीत परीक्षेच्या पेपरने वारा घेत बसायच्या. माझं उलटंच झालं. दोन-दोन महिने काही नाही आणि मग अशी सुरू व्हायची की पंधरवडा सरला तरी थांबायची नाही. गाठी पडायच्या. जळगावच्या उन्हाळ्यात, पंखा डोक्यावर गरगरत असताना, मी काळा परकर आणि गडद साडी नेसून सातवीला भूगोल शिकवायची आणि तास संपेपर्यंत खुर्चीवर बसायची नाही. बसलं की उठताना भीती वाटायची. मागे वळून खुर्ची बघायची सवयच लागली होती.

थकवा मात्र हळूहळू आला, त्यामुळे तो थकवा आहे हेच कळलं नाही. आधी शाळेचा जिना चढताना मध्ये थांबावं लागलं. मग कणीक मळताना हात गळून यायला लागले. यजमान नोकरीनिमित्त नंदुरबारला, शनिवारी यायचे. मुलगा पुण्याला. घरात मी एकटीच, त्यामुळे मी काय खाते, किती झोपते, हे बघणारं कोणी नव्हतं. बरं, मलाही ते नकोच होतं. शाळेतून आलं की पर्स टेबलावर टाकायची आणि फरशीवरच आडवं व्हायचं. फरशी गार लागायची. कितीतरी संध्याकाळी मी दिवा न लावता तशीच पडून राहिले.

शिक्षकखोलीत सगळ्यांचं एकच म्हणणं होतं. "मॅडम, पिशवी काढून टाका. कटकट संपते." कोणाच्या वहिनीने काढली होती, कोणाच्या शेजारणीने तर पस्तिशीतच. भाजी आणायला जावं तसं त्या सांगायच्या. मी म्हणायची, "बघू." खरं म्हणजे मला ऑपरेशनची भीती वाटत नव्हती. त्यासाठी जी धावाधाव करावी लागते, तिचाच कंटाळा आला होता.

शेवटी एक दिवस वर्गात फळ्यावर नकाशा काढता काढता डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलींनी धरलं म्हणून पडले नाही. त्याच संध्याकाळी यजमानांनी फोनवर आवाज चढवला आणि दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या. खालच्या पापण्या ओढून बघितल्या, नखं बघितली आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही चालत आलात कशा?" रक्त अगदी कमी निघालं. सोनोग्राफीत पिशवीचं आतलं अस्तर जाड दिसलं. मग एका बारीक नळीने त्यांनी अस्तराचा थोडासा नमुना घेतला. दुखलं, पण मी समजत होते तितकं नाही. नमुना तपासणीला गेला आणि मी घरी येऊन झोपले.

त्या दिवसांत मी मरणाचा विचार केला असं मला सांगता येणार नाही. विचार करायलाही अंगात त्राण लागतं. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो वाचून दाखवला नाही, बाजूला ठेवला आणि सरळ सांगितलं, "कॅन्सर नाही. अस्तर नुसतंच वाढलंय. पेशी साध्या आहेत."

मी विचारलं, "मग वाढलं कशानं?"

"पाळी जायच्या सुमाराला असं होतं. दर महिन्याला बीज तयार होत नाही. अस्तर वाढवणारं हार्मोन चालू राहतं आणि त्याला आवर घालणारं दुसरं तयारच होत नाही. अस्तर साठत जातं आणि मग कधीही, कसंही गळतं."

"मग पिशवी काढायची का?"

"त्याची आज गरज नाही. आवर घालणारं औषध देऊ. काही महिन्यांनी पुन्हा नमुना बघू. त्यानं नाहीच ऐकलं तर पुढचं पुढे."

आधी गोळ्या झाल्या. गोळ्यांनी रक्त कमी झालं, पण अंग सुजल्यासारखं वाटायचं, डोकं जड व्हायचं आणि कारण नसताना रडू यायचं. शेजारच्या वर्गात मुलींनी कविता म्हटली तरी मी फळ्याकडे तोंड वळवायची. मग त्यांनी औषध असलेली तांबीसारखी एक छोटी वस्तू पिशवीत बसवली. ती आतल्या आत थोडं थोडं औषध सोडत राहते, त्यामुळे बाकीच्या शरीराला त्याचा फार त्रास होत नाही, असं त्यांनी सांगितलं. "पण सुरुवातीचे काही महिने थोडं थोडं दिसत राहील. घाबरायचं नाही." लोहाची सलाईनही लावली. मी तिथल्या खाटेवर पडून छताकडे बघत होते आणि उठूच नये असं वाटत होतं.

हे सगळं चालू असतानाच श्रावण आला आणि पिंपळनेरहून अक्काचा फोन आला.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे माझी वेणी तिनेच घातली, पहिल्या पाळीच्या वेळी जुन्या लुगड्याच्या घड्या कशा करायच्या तेही तिनेच दाखवलं. लग्न होऊन ती पिंपळनेरला गेली, शेती-गुरांच्या घरात. तिच्याकडे दरवर्षी कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची देवी मांडतात, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी वाजतगाजत पांझरा नदीत शिरवतात, म्हणजे विसर्जन करतात. रोट म्हणजे देवीचा प्रसाद, तो असतो भाऊबंदांचा, त्यातलं मला काही मिळत नाही, पण अक्का दरवर्षी बोलावते आणि मी जाते. यंदा म्हटलं, जमणार नाही. ती नुसतं म्हणाली, "ये वं." तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मी एसटीत बसले. धुळ्याला गाडी बदलली, पुढे साक्रीच्या रस्त्याला खिडकीला डोकं टेकून झोपले.

घर माणसांनी भरलेलं. नव्या साड्या, पुरणाचा वास, पोरांचा दंगा. एरवी या दिवशी अक्का कंबरेला पदर खोचून सगळ्यांच्या पुढे असते. रोटाचा गहू ती दुसऱ्या कोणाला निवडूही देत नाही. यंदा चुलीपाशी तिची सून होती. अक्का मागच्या ओसरीवर, गुरांच्या बाजूला, भिंतीला टेकून बसलेली. सून म्हणाली, "आत्याबाईंचा गुडघा धरलाय."

मला अजून थोडं थोडं जात होतंच. त्यामुळे मीही देवीच्या खोलीत न जाता मागेच गेले आणि तिच्याशेजारी बसले. आमच्याकडे हे मानतात. मी शाळेत विज्ञानाच्या बाईंच्या बाजूने बोलते, पण अक्काच्या घरी आल्यावर मीही मानते.

ती म्हणाली, "तू आठे कसाले बठनी? देवीनं दर्शन ली ये."

"माले चालू शे अक्का. देवीजोडे कशी जाऊ?"

आत बायकांनी गाणं धरलं होतं. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मना घुडघा नई दुखत."

"मंग?"

"माले बी चालू शे."

मला आधी समजलंच नाही. अक्काची पाळी जाऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. ती बासष्टची. मी म्हटलं, "काय चालू शे?"

"तेच. आखाजीपासीन. मझारमा थांबस, परत दिसस."

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. म्हणजे उन्हाळाभर, पेरणीभर ही बाई कोणाला काही न सांगता जुन्या कपड्याच्या घड्या करत होती. मी विचारलं, "कोनले सांगं का?"

"कोनले सांगू? सूनले सांगू का पोऱ्याले? या वयमा?" तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती फक्त फार दमलेली दिसत होती. "कॅन्सर व्हई ते व्हई. कानबाई बठी जाऊ दे म्हटलं, मंग दखू."

मला माझ्या डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यातलं एवढं माहीत होतं की पाळी गेल्यानंतर पुन्हा दिसलेलं रक्त तसंच सोडायचं नसतं. ते मी तिला सांगितलं. ती नाही म्हणाली. दाजी काय म्हणतील, गावात काय बोलतील, शेतात निंदणी आहे. मी म्हटलं, "मना संगे जयगावले चाल. मी आजारी शे, मनी देखरेख कराले चालनी असं सांग."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "सांगाले कसाले पाहिजे? तू शेच आजारी. तोंड दख आरसामा."

सोमवारी देवी शिरवून सगळे परत आल्यावर आम्ही निघालो. दाजींनी माझ्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. फक्त अक्काची पिशवी उचलून स्टँडपर्यंत आले.

जळगावच्या घरी आल्या आल्या अक्काने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मी सांगत होते, बस, आराम कर. ती डबे धुवत होती. मला बाजरीची भाकरी, मेथी, गूळ-शेंगदाणे असं काय काय खायला घालत होती. दोघींनाही जात होतं, दोघीही धापा टाकत होतो आणि तरी ती माझ्यासाठी राबत होती. एकदा दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या फरशीवरच बसलो. भाजी निवडून झाली होती, पण उठायची ताकद कोणातच नव्हती. ती म्हणाली, "बाईनं शरीर म्हनजे नुसती मजुरी शे." मी हसले नाही. तीही हसली नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला शांतपणे सगळं विचारलं. बीपी आहे, साखर आहे, अंगही थोडं जड. त्या म्हणाल्या, "मावशी, पाळी जाऊन वर्ष उलटलं की मग एक थेंब दिसला तरी दाखवायचं. बहुतेक बायकांचं साधंच निघतं. पण साधं आहे हे बघितल्याशिवाय कळत नाही."

अक्का म्हणाली, "बाई, इतलं दखत बसापेक्षा काढी टाका ना बठ्ठं. आते काय कराची शे माले ती पिशवी?"

डॉक्टरीणबाईंना अहिराणी येत नव्हती, पण एवढं कळलं. "मावशी, ते मोठं ऑपरेशन आहे. तुम्हाला साखर आहे, बीपी आहे. कशासाठी काढायचं हे कळल्याशिवाय मी हात लावणार नाही. काढायची वेळ आलीच तर मीच सांगेन."

अक्का नाराज झाली. रिक्षात म्हणाली, "हाई डॉक्टर कच्ची शे." तिला एकदाच काय ते संपवून गावी जायचं होतं. तपासणी, नमुना, वाट बघणं, पुन्हा येणं, या सगळ्याला लागणारा धीर तिच्याकडे उरला नव्हता. मला तिचं म्हणणं समजत होतं. माझ्याकडेही नव्हता.

सोनोग्राफीत तिच्या पिशवीत एक छोटा कोंब दिसला. मांसाचा कोंब, देठाने अस्तराला चिकटलेला. दुर्बिणीतून बघून तो काढायचा आणि तपासायला पाठवायचा असं ठरलं. आधी साखर आटोक्यात आणायला हवी होती, त्यात काही दिवस गेले. अक्काचा चहा बिनसाखरेचा झाला. तो ती औषधासारखा, नाक मुरडून, एका दमात प्यायची.

ज्या दिवशी तिला आत नेलं, त्या दिवशी दाजी आले.

कोणी बोलावलं नव्हतं. मेव्हणी इतके दिवस आजारी आहे, बघून यावं, म्हणून ते पहाटेची गाडी धरून निघाले होते. पिशवीत तांदूळ आणि मळ्यातली गिलकी. घराला कुलूप, म्हणून शेजारणीला विचारलं आणि तिने दवाखान्याचा पत्ता दिला. मी बाहेर बाकावर बसले होते. समोर धोतर-टोपीतले दाजी येऊन उभे राहिले. मी ठणठणीत नसले तरी बाकावर बसलेली होते. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "तू आठे? मंग मझारमा कोन शे?"

खोटं बोलायला मला काही सुचलंच नाही. मी म्हटलं, "अक्का शे, दाजी." आणि जे होतं ते सांगितलं. एका पुरुषाशी, त्यातही दाजींशी, मी या विषयावर कधी एक शब्द बोलले नव्हते. पाळी हा शब्द मी उच्चारला नाही, "अंगावरून जातं" एवढंच म्हटलं. त्यांनी मान खाली घातली. पिशवी मांडीवर घेऊन ते माझ्याशेजारी बसले.

मग म्हणाले, "माले वाटनं तिना मनावर राग शे."

अक्का उन्हाळ्यापासून नातवंडांच्या खोलीत झोपायला लागली होती. जेवण वाढायची आणि लगेच उठायची. चाळीस वर्षांच्या संसारात तिने असं कधी केलं नव्हतं. आपलं काय चुकलं याचा ते इतके महिने विचार करत होते. मागे बैल विकला म्हणून असेल, का तिच्या माहेरच्या लग्नाला गेलो नाही म्हणून असेल. विचारायचं धाडस झालं नव्हतं.

"माले सांगती ते मी काय गावमा दवंडी देतू का?" ते म्हणाले. रागाने नव्हे. त्यांच्या आवाजात नुसतं दुखणं होतं.

अक्काला बाहेर आणलं तेव्हा ती गुंगीत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोंब पूर्ण निघालाय, दिसायला साधा वाटतोय, पण रिपोर्ट येऊ द्या. अक्काने डोळे उघडले आणि समोर दाजींना बघून पहिली गोष्ट केली ती म्हणजे पदर शोधला. अंगावर दवाखान्याचा हिरवा झगा होता, पदर कुठला. दाजींनी खाटेवरची चादर तिच्या खांद्यापर्यंत ओढून दिली. ती माझ्याकडे बघून पुटपुटली, "तूच सांगं का?" मी मान हलवली. ती म्हणाली, "बरं व्हयनं," आणि पुन्हा झोपली.

दाजी परत गेले नाहीत. रिपोर्ट येईपर्यंत माझ्याकडेच राहिले. बाहेरच्या खोलीत बसून राहायचे, संध्याकाळी कोपऱ्यावर जाऊन केळी आणायचे, आणि केळी घरात आधीचीच पडलेली असायची. अक्काचा चहा बिनसाखरेचा म्हणून त्यांनीही तसाच मागायला सुरुवात केली आणि दर वेळी तोंड वाकडं करून संपवला. त्या दोघांमध्ये फार बोलणं झालेलं मी ऐकलं नाही. एकदा भांडी घासताना कानावर आलं, अक्का विचारत होती, "निंदनी व्हयनी का?" आणि ते म्हणाले, "व्हई जाई. तू नको चिंता करू."

रिपोर्ट साधा आला. कोंबात काही वाईट नव्हतं आणि बाकीचं अस्तर वयाप्रमाणे पातळ झालेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, झालं. औषध काही नाही. साखर सांभाळा. पण पुन्हा कधी दिसलं तर लगेच यायचं, आखाजीची नाही की दिवाळीची नाही, कशाचीच वाट बघायची नाही."

मला वाटलं होतं अक्का रडेल किंवा हात जोडेल. तिने विचारलं, "मंग आते घर जाऊ का?" घरी येऊन तिने बॅग भरायला घेतली आणि अर्ध्यावर सोडून पलंगावर आडवी झाली. संध्याकाळपर्यंत झोपली. मी दोनदा जाऊन तिचा श्वास चालू आहे ना ते बघितलं. आनंद झालाय असं माझ्याही आत काही हललं नाही. आतलं काहीतरी ताणलेलं सैल झालं आणि त्याबरोबर इतक्या महिन्यांची सगळी झोप अंगावर आली. मी तिच्या पायथ्याशी आडवी झाले. भात दाजींनीच लावला. तो करपला.

माझं बरं होणं असं एका दिवसात झालं नाही. दिवाळीपर्यंत थोडं थोडं दिसत राहिलं. कधी वाटायचं, काढून टाकली असती पिशवी तर बरं झालं असतं. मग हळूहळू दोन-दोन आठवडे कोरडे जायला लागले. रक्त भरलं. नंतरचा नमुना घेतला त्यात अस्तर शांत झालेलं निघालं. "आता असंच राहू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अधूनमधून दाखवत राहा." जिना आता न थांबता चढते. पण आधी होते तशी मी झाले आहे असं म्हणवत नाही. दुपारी झोप लागते. लवकर चिडते. काळे परकर कपाटात तसेच आहेत, ते टाकायचं मनावर घेत नाही.

संक्रांत झाल्यावर अक्काचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मनी जाऊ शे ना, धाकली. तिले बी पायी जाईसन चार वरीस व्हयनात. आते डाग पडस. कोनले सांगत नव्हती. मी तिले मनं सांगं, तवय ती बोलनी." पायी म्हणजे पाळी.

"मंग?"

"तुनाकडे धाडू का?"

त्या दिवशी माझ्यासमोर चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा होता, पाय दुखत होते आणि त्या दवाखान्याच्या बाकाची नुसती आठवण आली तरी पाठ भरून येत होती. मी म्हटलं, "धाड."

ती जाऊबाई गुरुवारी आली. सबंध वाटेत रिक्षात पदर दातात धरून बसली होती. तिचं अस्तर अगदी पातळ, सुकलेलं निघालं, त्या कोरडेपणातूनच डाग पडत होते. लावायला मलम दिलं. डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या आणि जाऊबाई त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती. मग मी तेच सगळं तिला अहिराणीत सांगितलं, पहिल्यापासून.